साडेसातच्या मालिकेविषयी माझे मत, सहपत्रासह

मला मतं आहेत. कोणाला मधुमेह असतो, कोणाला जावई असतात, तशी मला मतं आहेत, आणि ती वेळच्या वेळी बाहेर पडली नाहीत तर मला जेवण जात नाही. चौतीस वर्षं मी यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण माझे पेन्शनचे कागद अजून तिथेच आहेत. साहेबांनी विचारलं तर मी मत देत असे, आणि नाही विचारलं तर टिप्पणी लिहीत असे. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, हार-नारळ झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की टिप्पणी लिहायला घरात एकही फाईल नाही.

ती वर्षं जिल्ह्याला वाईट होती. कापसाला भाव नव्हता, जिनिंगचे कारखाने एकेक करून थंड पडत होते, भारनियमनाला धरबंध नव्हता आणि दिल्लीच्या न्यूज चॅनेलांच्या गाड्या शहरात फिरत होत्या. अशाच एका गाडीतल्या मुलीनं चौकात माझ्यापुढे माइक धरला आणि विचारलं, “आप किसान हैं?” मी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, मी सेवानिवृत्त अव्वल कारकून आहे, पण कापसाच्या प्रश्नावर माझी सात मतं आहेत. तिनं कॅमेरावाल्याला खूण केली आणि ते दोघे उसाचा रस प्यायला निघून गेले. देशाला माझी मतं नको होती. तेव्हा ती घरातल्या टीव्हीकडे वळली, हे ओघानंच आलं.

आमच्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता एक विनोदी मालिका आणि साडेसातला एक कौटुंबिक मालिका लागायची. विनोदी मालिकेबद्दल माझं मत असं की तिथे विनोद झाला की मागून दोनशे माणसं हसत, आणि पुष्कळदा विनोद व्हायच्या आधीच हसत. कुठे हसावं हे ठरवायला मला दोनशे माणसांची मदत लागत नाही. कौटुंबिक मालिकेचं नाव वीतभर लांब होतं, म्हणून सगळी गल्ली तिला नुसतं ‘सुलक्षणा’ म्हणायची, कारण तिच्यातल्या सुनेचं नाव सुलक्षणा होतं. माझी बायको रत्नप्रभा दिवा लावून, पोळ्या झाकून, साडेसातच्या ठोक्याला पलंगावर बसायची. मी बाजूच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचो आणि पेपराच्या मागून मत द्यायचो. की या घराचे चार कारखाने आहेत म्हणतात, पण एकही पुरुष कामावर जाताना दिसत नाही. की सुलक्षणा वर्षभरापासून रडते आहे आणि तिचं काजळ जागच्या जागी आहे. की कोणी नुसतं “पाणी आणा” म्हटलं तरी घरातल्या सातही जणांचे चेहरे ढगांच्या गडगडाटासह तीन-तीनदा दाखवतात, आणि पाणी शेवटपर्यंत येत नाही.

एके दिवशी रत्नप्रभा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, “हे मले कायले सांगता? ज्याचा केबल हाये त्याले सांगा.” ती मारेगावची. तिचं बोलणं सरळ असतं आणि त्यात सल्ला नसून वैताग आहे हे कोणालाही कळलं असतं. पण मी आयुष्यभर वरून आलेल्या शेऱ्यावर कार्यवाही केलेली आहे. मी दुसऱ्याच दिवशी कागद काढला.

ज्याचा केबल होता तो निजामुद्दीन आमच्या भिंतीपलीकडेच राहायचा. आमची आणि त्याची मागच्या खोलीची भिंत एकच. पूर्वी तो लोहाऱ्याच्या एका जिनिंगात मशीनवर फिटर होता. जिनिंग बंद पडलं, तेव्हा त्यानं केबल घेतला. आणि अजूनही तक्रार आली की स्वतःच खांबावर चढायचा. शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळे सरकारी मराठी कागद आला की तो घेऊन माझ्याकडे यायचा. मी चष्मा पुसून तो वाचायचो, अर्थ सांगायचो आणि उत्तरही लिहून द्यायचो. एक तत्त्वही मी त्याला शिकवून ठेवलं होतं. सरकारी कागद पहिल्यांदा आला की नुसता ठेवून द्यायचा, दुसरा आला की मग दोन्ही घेऊन माझ्याकडे यायचं. अर्धे कागद दुसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

खरं तर भिंतीपलीकडे हाक मारून सांगता आलं असतं. पण आमच्या समोर राहणारे बापूजी म्हणाले की तोंडी सांगितलेलं हवेत जातं, लेखी द्या. बापूजी एसटीत कंट्रोलर होते आणि तीस वर्षं लाउडस्पीकरवर बोलल्यामुळे त्यांचा साधा सल्लाही फलाटाच्या टोकापर्यंत ऐकू जातो. रजिस्टरनं पाठवा, पोचपावती लावा, म्हणजे नाकारता येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं, आणि ते निम्म्या गल्लीनं ऐकलं. मी विषय, संदर्भ घालून अकरा मुद्द्यांचं पत्र तयार केलं. नववा मुद्दा मला स्वतःला फार आवडला होता: ‘जिल्ह्यातील कापूस उत्पादनाची सद्यःस्थिती पाहता, रोज नवी साडी नेसून रडणे कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार व्हावा.’ पाकिटावर प्रेषक म्हणून सवयीनं माझं पदनामच संक्षेपात घातलं आणि भिंतीपलीकडच्या माणसाला पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवून दिलं. पोस्टमन सायकल आमच्या दारात टेकवून त्याच्या दारात गेला.

पंधरा दिवस गेले. निजामुद्दीन रोज भेटायचा, हसायचा, तब्येत विचारायचा, आणि पत्राबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ‘सुलक्षणा’ चालूच होती. मला राग आला. माझ्या पत्राला मोठमोठ्या साहेबांनी उत्तरं दिलेली आहेत, निदान ‘पाहिले’ असं लिहून सही तरी केलेली आहे. त्याच आठवड्यात मी हयातीचा दाखला द्यायला जुन्या कचेरीत गेलो. नोव्हेंबरात प्रत्येक पेन्शनरला आपण जिवंत आहोत हे तिथे जाऊन सांगावं लागतं. तसाच माझ्या पत्राची एक प्रत, वर चार ओळींचं ‘उचित कार्यवाहीस्तव’ जोडून, आवक शाखेच्या खिडकीत सरकवून आलो. मी जिवंत आहे याची नोंद व्हायला त्यांना दोन तास लागले; पत्राची नोंद मात्र लगेच झाली.

महिना झाला असेल. संध्याकाळी साडेसात वाजून गेले होते, सुलक्षणा कोर्टात उभी होती, सगळी गल्ली आपापल्या घरी चिडीचूप होती, आणि निजामुद्दीन दोन कागद घेऊन आला. “बडे बाबू, दुसरा बी येऊन गेला,” तो म्हणाला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. त्याच्या कपाळाला घाम होता. एक होती कचेरीची नोटीस, आणि तिच्याखाली अर्धं झाकलेलं, तिच्याआधी आलेलं, न उघडलेलं पाकीट.

मी चष्मा पुसला. नोटीस आधी घेतली. केबलवरील वाहिनी क्रमांक अकराबाबत तक्रार आली आहे, सात दिवसांत खुलासा करावा, चौकशी पूर्ण होईपर्यंत योग्य ती दक्षता घ्यावी, असं तिच्यात होतं. वाचकाला वाटेल की मला तिथेच कळायला हवं होतं. पण सरकारी कचेरीनं एका महिन्यात कोणत्याही पत्रावर काही केल्याचं उदाहरण माझ्या चौतीस वर्षांत नव्हतं, त्यामुळे हे पत्र माझं असेल अशी शंकाही मला आली नाही. आणि अकरा नंबरवर काय लागतं हे मला माहीत नव्हतं. रिमोट रत्नप्रभेकडे असतो.

निजामुद्दीननं विचारलं की दक्षता म्हणजे काय. हा प्रश्न फार अवघड आहे. दक्षता म्हणजे काय हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणूनच तो शब्द वापरतात. पण मी अधिकारवाणीनं सांगितलं की चौकशी संपेपर्यंत ती वाहिनी बंद ठेवायची, एक मिनिटही चालू राहता कामा नये, नाहीतर परवान्यावर येईल. परवान्याचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, कंट्रोल रूमला फोन लावला आणि म्हणाला, “ग्यारा नंबर बंद करो. अभी के अभी.”

न्यायाधीश तोंड उघडत होते. टीव्हीवर मुंग्या आल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकाच वेळी आवाज आला. भिंतीपलीकडून निजामुद्दीनची बायको जैनबबी काहीतरी मोठ्यानं बोलली. रत्नप्रभा पलंगावरून उठली आणि आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

मी घाईघाईनं पाकीट फोडलं, की बघू या हा पहिला कागद कोणाचा, आणि पहिल्याच ओळीला थांबलो. मी खोकलो. पाणी मागितलं. कोणी आणलं नाही. मग रत्नप्रभेनं माझ्या हातातून कागद काढून घेतला, नुसता पाहिला आणि माझ्याकडे बोट करून निजामुद्दीनला म्हणाली, “भाईजान, हे अक्षर यायचं हाये. सिरियलची तक्रार यायनंच केली.”

निजामुद्दीननं तो कागद हातात घेतला. त्याला त्यातलं फारसं वाचता येत नव्हतं, तरी त्यानं तो वरपासून खालपर्यंत पाहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देण्याची मला सवय आहे. तो म्हणाला, “बडे बाबू, तुमाले पसंत नव्हतं तर भिंतीतून आवाज द्यायचा होता. मी आलो असतो ना.” कागदाची नीट घडी घालून त्यानं खिशात ठेवली आणि तो गेला. मला फार लाज वाटली. हे मी टिप्पणीत लिहिलं नसतं, पण इथे लिहितो.

वाहिनी पुन्हा सुरू करावी तर चौकशी चालू. माझ्याच तोंडचा नियम. दुसऱ्या दिवशीपासून मी गल्लीतून जाताना बायका बोलायच्या थांबत. चंदाबाई दर दोन दिवसांनी दारावर भाजी घेऊन यायची, तिनं मला वांगी विकायला नकार दिला; म्हणाली, तुमच्यासाठी नाहीत. बापूजींनी फलाटभर आवाजात जाहीर केलं की पातूरकर साहेबांना, म्हणजे मला, पत्र लिहायचा सल्ला नेमका कोणी दिला हे त्यांना आठवत नाही. रत्नप्रभा माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवण वेळेवर यायचं, चवही तीच, पण ताट ठेवल्याचा आवाज वाढला होता. साडेसातला ती बंद टीव्हीसमोर बसायची आणि आठला उठायची.

हेही चाललं असतं. माणूस वांग्यांशिवाय जगतो. पण चौथ्या दिवशी बापूजींच्या गच्चीवर डिशची छत्री बसली. मग पलीकडच्या घरी, मग कोपऱ्यावरच्या. त्या वर्षी डिशवाले नुकतेच यवतमाळात फिरायला लागले होते आणि सुलक्षणाचा निकाल ऐकण्यासाठी लोक काय वाटेल ते करायला तयार होते. निजामुद्दीन रोज कुठल्या ना कुठल्या खांबावरून एक वायर सोडवून, वेटोळं करून खांद्यावर घालून आणायचा. एकदा दारात भेटला तेव्हा मी तोंड चुकवायला पेपर वर केला. तो थांबला. “जिनिंग बंद पडलं तवा केबल धरला, बडे बाबू. आता हे बी सुटलं तर काय धरू ते तेवढं सांगून द्या,” म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. इतकी वर्षं तो मला विचारत आला होता, तसाच आताही विचारत होता. पहिल्यांदाच माझ्याकडे मत नव्हतं.

मी कचेरीत गेलो. ज्या टेबलावर फाईल होती तिथे अभिषेक बसला होता. सात वर्षांपूर्वी तो नोकरीला लागला तेव्हा टाचणी कुठे टोचायची इथपासून मी त्याला शिकवलं. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, माझा अर्ज परत दे. तो म्हणाला, “सर, आवकला चढलेला कागद परत जात नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं.” मी म्हटलं, मग फाईल बंद कर. त्यासाठी अर्जदाराचा जबाब लागतो, असं म्हणून त्यानं छापील नमुना काढला आणि विचारायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता झाला. मग त्यानं विचारलं, “सदर मालिका आपण स्वतः पाहिली आहे काय? असल्यास किती भाग?”

खरं सांगायचं तर मी एकही भाग पाहिलेला नव्हता. साडेसातला पेपर उघडायचो, आठला मिटायचो. अधूनमधून पेपराच्या वरून डोकावलो असेन, बाकी अकराच्या अकरा मुद्दे ऐकीव होते. म्हटलं, ऐकली आहे.

“सर, ऐकल्याचा रकाना नाही,” अभिषेक हळूच म्हणाला.

त्यानं मार्ग सांगितला. मी लिहून द्यायचं की मालिका न पाहता तक्रार केली. आणि जी व्यक्ती ती नियमित पाहते, तिचं म्हणणं स्वतंत्र कागदावर घेऊन खाली मी साक्षीदार म्हणून सही करायची. दोन कागद आले की फाईल त्याच दिवशी बंद, नाहीतर चौकशी अधिकारी नेमला जाईल आणि तीन-चार महिने कुठे गेले नाहीत. पहिला कागद फाईलला कायमचा राहील, सर, एवढं त्यानं खाली पाहून सांगितलं. त्या कचेरीत चौतीस वर्षं ज्याचं अक्षर दाखला म्हणून फिरवलं जायचं, त्याच्या हातचा हा शेवटचा कागद राहणार होता. मी तिथल्या तिथे लिहून दिला. खाली सही केली, ती अजूनही तिथे असेल.

दुसऱ्या कागदासाठी घरी आलो. बापूजी म्हणाले, मी देतो म्हणणं, त्यात काय. पण त्यांच्या गच्चीवरच्या छत्रीखाली उभं राहून त्यांचं म्हणणं घेण्याची माझी तयारी नव्हती. नियमित पाहणारी व्यक्ती घरातच होती, फक्त ती बोलत नव्हती. रत्नप्रभा गहू निवडत होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो, पॅडवर कागद लावला, आणि सगळं सांगितलं, पहिल्या कागदासकट. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“लिहा,” ती म्हणाली. “अन् सुधरवू नका.”

मी पेन उघडलं.

“मी हे सिरियल पयल्या दिवसापासून पाहून राह्यली. त्यात काही खरं नाही हे मले समजते. असं घर यवतमाळात नाही अन् मारेगावात बी नाही. पण ते संपलं की जैनबबी भिंतीवर दोनदा ठोकते. मी मागच्या खोलीत जातो. थे तिकडून विचारते, भाभी, अब क्या होगा, तुमको क्या लगता. मंग मले जे वाटते ते मी सांगतो. थे आयकते. दुसऱ्या दिवशी म्हणते, तुमने बराबर बोला था.”

तिनं पॅडकडे पाहिलं. मी लिहीत होतो.

“आमचे मालक चौतीस वर्षं साऱ्या हाफिसाले मत देत होते. घरी आल्यावर मले देत होते. मले काय वाटते हे मले जैनबबीशिवाय कोणी विचारलं नाही. म्हणून हे सिरियल चालू राह्यलं पायजे. लिहिलं?”

लिहिलं होतं. माझ्या हातून आजवर हजारो मसुदे गेले, प्रत्येकात मी एखादा तरी शब्द बदलला. या कागदात काही बदललं नाही. खाली तिनं सही केली, तिच्याखाली मी. पेनाचं टोपण मला बराच वेळ सापडत नव्हतं, आणि ते माझ्या दुसऱ्याच हातात होतं.

अभिषेकनं तो कागद दोनदा वाचला. आतून साहेबांची सही घेऊन आला आणि फाईलवर ‘दप्तरी दाखल’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. निजामुद्दीनला द्यायचं पत्र मी टपालात पडू दिलं नाही. हातात घेतलं, घरी आलो, मागच्या खोलीत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीपलीकडे हाक मारली. तो धावतच आला. मी त्याला पत्र वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, आणि मग जे पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं ते म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, जाऊ द्या बडे बाबू, आणि फोन लावून अकरा नंबर सुरू करायला सांगितलं. छत्र्या बसल्या त्या बसल्या. पण पुढच्या गल्लीतले दोघं तरी परत येतो म्हणाले, असं त्यानं सांगितलं.

त्या संध्याकाळी साडेसातला मी पेपर उघडला नाही. रत्नप्रभेनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पलंगावर थोडी सरकली. इतक्या दिवसांत निकाल लागून गेला असेल अशी मला भीती होती, पण सुलक्षणा अजून त्याच कोर्टात होती आणि न्यायाधीश अजून तोंड उघडत होते. सातही जणांचे चेहरे झाले, गडगडाट झाला, न्यायाधीशांनी कागद हातात घेतला, आणि लाइन गेली. वेळापत्रकात नसलेलं भारनियमन. गल्लीभर पुन्हा तोच आवाज उठला, फक्त या वेळी त्यात माझं नाव नव्हतं.

अंधारात आम्ही दोघं बसून राहिलो. विजेच्या कारभारावर माझ्याकडे तयार मतं होती, ओठापर्यंत आली होती. ती मी गिळली.

“आता काय होईल गं?” मी विचारलं. “तुला काय वाटतं?”

तिनं पाय वर घेतले, पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. निकालापासून नाही, अगदी सुरुवातीपासून. सुलक्षणाच्या आईला कोणी फसवलं तिथून, कारण ते माहीत नसलं तर निकाल कळणारच नाही, असं तिचं मत होतं. मी मध्ये दोन प्रश्न विचारले. दोन्ही मूर्खपणाचे निघाले.

लाइन आली तेव्हा मालिकेची शेवटची पाच मिनिटं उरली होती. टीव्ही आपोआप सुरू झाला. न्यायाधीश काहीतरी सांगत होते. रत्नप्रभेनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद करून टाकला.

“थांबा ना,” ती म्हणाली, “मी सांगून राह्यली न.”